स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना पेसमेकर बसवायचा म्हणतात, तेव्हा काय काय बघायचं

आई पहाटे न्हाणीघराच्या दारात कोसळली तेव्हा ती ७९ वर्षांची होती आणि तिला अल्झायमर होऊन चार वर्षं झाली होती. ईसीजीत ठोके मिनिटाला ३८. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "पेसमेकर बसवावा लागेल, उद्या सकाळी करून टाकू." भाऊ आणि मी बाहेरच्या बाकावर संमतीचा कागद घेऊन बसलो. काय विचारायचं हे दोघांनाही कळत नव्हतं. आज तुम्ही तशा बाकावर बसला असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, घरी सांभाळणारी आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, पण बोलायला जाताना हातात काही असू द्या.

आधी यंत्र समजून घ्या

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात ठोक्यांची सुरुवात करणारा पेशींचा एक पुंजका असतो. तिथून विजेचा संदेश खाली उतरतो. वयानुसार तो पुंजका थकतो किंवा खाली जाणारी वाट मध्येच अडते. मग ठोके मंदावतात, कधी काही सेकंद थांबतात आणि माणूस भोवळ येऊन पडतो. पेसमेकर म्हणजे मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढी एक डबी. ती गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत ठेवतात आणि तिची एक किंवा दोन वायर शिरेतून हृदयात सोडतात. ठरवलेल्या गतीपेक्षा, बहुतेकदा मिनिटाला ६०, ठोके कमी पडले की डबी हलकासा विजेचा झटका देते. तो माणसाला जाणवत नाही. हे काम साधारण तासा-दीड तासाचं असतं आणि तेवढीच जागा बधिर करून होतं.

यंत्र काय करत नाही, तेही ऐकून ठेवा, कारण नातेवाईक पेसमेकर आणि स्टेंट यांत हमखास गोंधळ करतात. पेसमेकरने रक्तवाहिनीतला अडथळा निघत नाही आणि हार्ट अटॅक टळत नाही. आठवणीही परत येत नाहीत. ठोके फार मंद असल्यामुळे जी सुस्ती आणि गोंधळलेपण असतं, ते कमी होऊ शकतं. अल्झायमर मात्र आपल्या वाटेने पुढे जातच राहतो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना लावला गेला. तो काही तासच चालला. पुढे आयुष्यभरात त्यांना २६ यंत्रं लागली आणि २००१ साली, ८६व्या वर्षी ते गेले ते कर्करोगाने. यंत्र ठोके सांभाळतं. बाकीचं शरीर त्याच्या हातात नसतं.

किती घाई आहे, हे थेट विचारा

"आज नाही केलं तर काय होईल? आठवड्याने केलं तर चालेल का?" हे दोन प्रश्न मला त्या रात्री सुचले नाहीत. ठोक्यांची वाट पूर्ण अडली असेल, रक्तदाब टिकत नसेल, पुन्हा पुन्हा शुद्ध जात असेल, तर वाट बघायला वेळ नसतो. अशा वेळी कधी मानेतून किंवा जांघेतून तात्पुरती वायर घालतात. पेशंटला स्मृतिभ्रंश आहे हे तेव्हाच ठासून सांगा. असा माणूस रात्री ती वायर ओढून काढू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. पण नुसता वरचा पुंजका मंदावला असेल आणि माणूस स्थिर असेल, तर बहुतेक वेळा विचार करायला काही दिवस मिळतात. ते दिवस मागून घ्या.

औषधांची पिशवी टेबलावर उपडी करा

या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा.

स्मृतिभ्रंशासाठी दिली जाणारी डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधं मेंदूतलं ॲसिटिलकोलीन टिकवून धरतात. हृदयाला "सावकाश" असं सांगणारी मज्जातंतूही हेच रसायन वापरते. म्हणजे आठवणीसाठी दिलेली गोळी काही जणांच्या हृदयाचे ठोके मंद करते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या हजारो वृद्धांच्या नोंदींवरून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की स्मृतिभ्रंशासाठी ही औषधं घेणाऱ्यांना भोवळ येऊन रुग्णालयात जाण्याची वेळ जास्त आली आणि पेसमेकर बसवण्याचं प्रमाण ती न घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या सुमारे दीडपट होतं. एका औषधाचा परिणाम नवा आजार समजून त्यावर शस्त्रक्रिया होते, असं घडू शकतं.

पिशवीत आणखी काय शोधायचं? रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलेल्या मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, ॲमिओडॅरोन. आणि एक गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही: काचबिंदूसाठी घातले जाणारे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात घातलेलं औषध रक्तात उतरतं आणि ठोके मंद करू शकतं. माझ्या आईच्या पिशवीत डोनेपेझिल होतं, मेटोप्रोलॉल होतं आणि टिमोलॉलही. तीन डॉक्टरांनी तीन चिठ्ठ्यांवर, आपापल्या जागी बरोबर लिहून दिलेलं. तिन्ही चिठ्ठ्या एकत्र बघणारं माणूस घरात मी एकटीच होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. म्हणून हा परिच्छेद इतका लांबवते आहे.

यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक थांबवणं धोक्याचं असतं, आणि थेंब बंद केले तर दृष्टी जाऊ शकते. डॉक्टरांना विचारा, "यातलं काय कमी करून किंवा बदलून बघता येईल?" डोनेपेझिल शरीरातून हळूहळू जातं, अर्धं उतरायलाच सुमारे ७० तास लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या ईसीजीवरून निकाल लावता येत नाही, दोन आठवडे तरी धरून चाला. त्यासोबत थायरॉइड आणि रक्तातलं पोटॅशियम तपासलं आहे ना, हेही बघा. यातलं एक जरी बिघडलं तरी ठोके मंदावू शकतात आणि दोन्हीवर औषध आहे.

कधी डॉक्टर म्हणतील, डोनेपेझिल चालू ठेवायचं म्हणून पेसमेकर बसवू. मग स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, त्या गोळीने घरात खरोखर काय फरक पडला? आईच्या बाबतीत गोळी बंद केल्यावर आम्हाला फरक जाणवला नाही. काही घरांत तो जाणवतो, आणि तिथे हिशोब वेगळा होतो.

पडली की भोवळ आली?

स्मृतिभ्रंश झालेलं माणूस सांगू शकत नाही. "काय झालं?" विचारलं की आई म्हणायची, "कुठे काय?" म्हणून पाहणाऱ्याची साक्षच महत्त्वाची. चेहरा पांढरा पडला होता का? पडण्याआधी हात टेकायचा प्रयत्न केला की झाड कोसळावं तशी पडली? मिनिटभरात शुद्धीवर आली का? उठून उभं राहताना झालं, लघवीला गेल्यावर, की खुर्चीत बसल्या बसल्या? बसल्या बसल्या गेलेली शुद्ध हृदयाकडे बोट दाखवते. पुन्हा तसं झालं आणि जवळ दुसरं कुणी असेल, तर एकाने माणसाला सांभाळावं, दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा.

घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, तर पडण्याचं कारण तिथेही असू शकतं. पार्किन्सन्सच्या आणि लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हे फार दिसतं. त्यावर पेसमेकरचा उपयोग नाही.

होल्टर म्हणजे २४ तास ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र. त्याच्या चिकटपट्ट्या आईने दोनदा उपटल्या. तिसऱ्या वेळी वरून घट्ट बंडी घातली आणि भाच्याला शेजारी बसवलं, तेव्हा नोंद पूर्ण झाली. अहवालात रात्री झोपेत ठोके चाळिशीत गेलेले दिसले तर लगेच घाबरू नका, झोपेत ते उतरतातच. पुंजका मंद आहे पण माणसाला काहीच त्रास नाही, अशा वेळी सहसा पेसमेकर लागत नाही. खालची वाट अडली असेल तर मात्र त्रास नसतानाही तो सुचवतात. आपल्या माणसाचं यातलं काय आहे, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

आता माणसाकडे बघा

कागद बाजूला ठेवा. ती तुम्हाला ओळखते का? आपल्या हाताने जेवते का? अंगणात खुर्ची टाकली की तिला बरं वाटतं का? आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर "डोकं चालत नाही, आता कशाला" असं म्हणून पेसमेकर नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. भोवळ येऊन खुबा मोडला तर त्या माणसाचं चालणं, आणि त्यासोबत बरंच काही, कायमचं जातं. पण माणूस अंथरुणाला खिळलं आहे, घास गिळता येत नाही, कुणालाच ओळखत नाही, अशा शेवटच्या टप्प्यात "नको, तिला आराम पडेल एवढंच करा" असं म्हणणंही तितकंच प्रेमाचं आहे. डॉक्टरांना तसं सांगायला घाबरू नका. कठीण असतं ते मधलं. तिथे मी एकच कसोटी लावते: यंत्रामुळे तिचा कोणता त्रास कमी होणार आहे? उत्तरात तिचा त्रास नसेल, फक्त ईसीजीचा आकडा असेल, तर पुन्हा विचारा.

तिलाही विचारा. सकाळी, न्याहारी झाल्यावर, ती ताजी असताना, दोन वाक्यांत. "आई, तुला चक्कर येते ना, ती थांबावी म्हणून छातीत एक छोटं मशीन बसवायचं. चालेल?" आई म्हणाली, "चक्कर नको बाई." दुसऱ्या दिवशी ती ते विसरली होती, पण तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हाही तेच म्हणाली. सही नातेवाईकांची असते, तरी आम्ही तिचंच म्हणणं धरलं.

परदेशातल्या भावंडांना पहिल्या दिवसापासून फोनवर घ्या. दूर असलेला मुलगा बहुतेकदा "सगळं करा" म्हणतो, कारण त्याला जवळ बसता येत नाही. त्याला औषधांची यादी पाठवा, आईचा रोजचा व्हिडिओ पाठवा, म्हणजे तो रिपोर्टवर नाही, आईवर बोलेल.

ज्यांचा आजार नुकता कळला आहे आणि ज्यांना अजून नीट समजतं, त्यांनी आपली इच्छा लिहून ठेवावी. पुढे बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

कोणतं यंत्र, किती पैसे

एका वायरचं यंत्र स्वस्त आणि बसवायला सोपं. दोन वायरचं वरच्या-खालच्या कप्प्यांचा ताल जुळवतं. ठोके कायमचे अनियमित असतील तर बहुधा एक वायर पुरते. पुढे एमआरआय काढता येईल असं यंत्र आहे का, विचारा. वायरशिवायचं, जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात सोडायचं बारीक कॅप्सूलएवढं यंत्रही मिळतं. त्यात छातीवर जखमच नसते, म्हणून जखम ओरबाडणाऱ्या पेशंटसाठी ते आकर्षक आहे. पण किंमत पुष्कळ जास्त. कुणी "शॉक देणारं" यंत्र, म्हणजे ठोके जीवघेण्या वेगाने भरकटले तर जोराचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र, सुचवलं तर थांबा. ती वेगळी गोष्ट आहे, वेगळ्या आजारासाठी आहे, आणि तिच्यावर वेगळी चर्चा व्हायला हवी.

७० वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि कोणतं यंत्र त्यात बसतं, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

रुग्णालयातली रात्र

अनोळखी खोली, दिव्यांचा उजेड, हाताला सुई. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला अशा रात्री भ्रम होऊ शकतो, ओळखी पुसल्या जातात, आरडाओरडा होतो. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी सोबत न्या आणि घालून ठेवा. तिची गोधडी न्या. रात्री ओळखीचं एकच माणूस जवळ असू द्या, दर दोन तासांनी नवा चेहरा नको. गुंगीचं औषध कमीत कमी द्यावं, अशी विनंती आधीच करा. काम सकाळच्या पहिल्या पाळीत ठेवता येईल का आणि घरी लवकरात लवकर कधी सोडाल, हेही विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. थांबवायची की चालू ठेवायची, ते डॉक्टर ठरवतील.

पुढचे सहा आठवडे

आईचं यंत्र शेवटी बसलं. औषधं बदलल्यावर ठोके पन्नाशीवर आले, पण मधले थांबे गेले नाहीत. तीन आठवड्यांनी, आमच्या सवडीने आणि तिच्या होकाराने ते बसवलं. मग खरी राखण सुरू झाली.

नवी वायर हृदयात रुजायला वेळ लागतो, म्हणून चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत. आता आई रोज सकाळी दोन्ही हात मागे नेऊन स्वतःचा अंबाडा घालायची, साठ वर्षांची सवय. नाव विसरली तरी अंबाडा विसरली नव्हती. शेवटी ती उठायच्या आत मीच तिचे केस विंचरून बांधून टाकू लागले. तुमच्या घरात ती सवय दुसरी असेल: डोक्यावरून बंडी काढणं, सूर्याला हात वर करून नमस्कार, वरच्या फळीवरचा डबा. ती आधीच हेरून ठेवा. हात गळ्यात बांधून मात्र दिवसरात्र जखडू नका, खांदा आखडतो. कोपर आणि बोटं हलू द्या.

दुसरा धोका हाताच्या चाळ्याचा. कातडीखाली काहीतरी टणक लागतं आणि हात सतत तिथे जातो. काही पेशंट ती डबी आतल्या आत फिरवत राहतात, वायर गुंडाळली जाते आणि हृदयातून निसटते. वैद्यकात हा प्रकार १९६८ पासून नोंदलेला आहे. डॉक्टरांना आधी सांगितलं तर ते डबी टाक्याने आत पक्की करतात किंवा स्नायूखाली बसवतात. घरी पाठीमागून बंद होणारा सदरा किंवा गाऊन घाला, म्हणजे हात सहज आत जाणार नाही. हातांना दुसरं काम द्या. आईला मी शेंगा सोलायला द्यायची, त्या संपल्या की जपमाळ. मंगळसूत्र किंवा माळ जखमेवर घासत असेल तर काही दिवस काढून ठेवा.

जखम लाल झाली, गरम लागली, सुजली, पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. ती "दुखतंय" म्हणेल याची वाट बघू नका. पुन्हा भोवळ आली, उचकी थांबेना, अचानक धाप लागली, तरीही लगेच. शुद्ध हरपली तर १०८.

घरातली रोजची बाब

मायक्रोवेव्ह, मिक्सर, टीव्ही चालतात. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट दूर राहावं. मोबाइल यंत्रापासून किमान सहा इंच लांब, म्हणजे छातीच्या खिशात नको आणि बोलताना दुसऱ्या कानाला. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून न थांबता चालत जायचं. यंत्राचं ओळखपत्र मिळतं. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि झेरॉक्स तिच्या पर्समध्ये. तपासणी जखमेसाठी एक-दोन आठवड्यांत, मग दोन-तीन महिन्यांनी, पुढे सहा महिने ते वर्षाने. घरी उशाशी ठेवायचं दूरतपासणीचं उपकरण मिळत असेल तर घ्या. रुग्णालयाची प्रत्येक फेरी तिला दोन दिवस बिघडवते.

बॅटरी आणि शेवट

बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते. ती संपत आली की डबी बदलावी लागते. ही बदली आपोआप करून टाकायची गोष्ट नाही. तेव्हा ती कुठल्या टप्प्यावर असेल, तिचं हृदय यंत्रावर किती अवलंबून असेल, हे बघून निर्णय पहिल्यापासून नव्याने घ्यायचा असतो.

"मशीनमुळे आईला नीट जाताही येणार नाही का?" हे मला अनेकांनी हळू आवाजात विचारलं आहे. शेवटच्या घडीला हृदयाचा स्नायूच यंत्राला प्रतिसाद देणं थांबवतो. पेसमेकर मरण अडवून धरत नाही. शॉक देणारं यंत्र असेल तर मात्र शेवटच्या दिवसांत त्याचा शॉक बंद करायला डॉक्टरांना सांगा, नाहीतर जाणाऱ्या माणसाला विनाकारण झटके बसू शकतात.

आणि जे कुणी आधी सांगत नाही ते: दहनापूर्वी पेसमेकर काढावा लागतो. आचेत बॅटरीचा स्फोट होतो. सरण असो वा विद्युतदाहिनी, नियम तोच. मृत्यू रुग्णालयात झाला तर तिथेच काढून घ्या. घरी झाला तर डॉक्टरांना दाखला देतानाच ते करायला सांगा. लहानसा छेद पुरतो. घरातल्या निदान दोघांना हे माहीत असू द्या, कारण त्या दिवशी तुम्हाला आठवणार नाही.

आईच्या बॅटरीत मागच्या तपासणीला सहा वर्षं शिल्लक दिसली. ओळखपत्र, औषधांची ताजी यादी आणि "बदलीच्या वेळी तिघांनी बसून पुन्हा ठरवायचं" असं भावाच्या अक्षरातलं एक पान, हे तिन्ही देवघराखालच्या खणात एकाच फाइलमध्ये आहे.